अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा तांदूळ

दोधू पाटील माझ्या ओट्यावर येऊन बसले तेव्हा मी पाटीवर भागाकार करत होतो. पाटी पालथी घातली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कुणी समोर आलं की मी गोंधळतो, आणि गोंधळलो की हातात असेल ते तसंच धरून ठेवतो. लोकल बोर्डाच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात गेला तरी मला मुलांची भीती वाटायची. हे तर पाटील होते.

"मास्तर, काय करी ऱ्हायनात?"

"काही नाही. आकडा फोडतोय."

असं उत्तर दिलं की लोक सहसा उठून जातात. पाटील उलट जवळ सरकले.

"फुटना का?"

"अजून तरी नाही."

"कितलानी फोडी देखा?"

मी सांगितलं की दोनानं, तिनानं, पाचानं, सातानं, अकरानं, असं करत शंभराच्या पलीकडे आलो आहे, पण दर वेळी काहीतरी बाकी उरते. पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. हे ते महत्त्वाच्या कामालाच करतात.

"मंग हाऊच आकडा आमले जोयजे," ते म्हणाले.

आता पाटलांना न फुटणारा आकडा कशाला हवा होता ते सांगायला हवं. तापीकाठी आमचा महादेव आहे. श्रावणात त्याला गावानं लाखोली वाहायची, म्हणजे एक लाख तांदूळ मोजून अर्पण करायचे. तांदूळ अखंड हवा. तुटकी कणी देवाला चालत नाही. यात भांडण होण्यासारखं काही नाही, असं परगावच्या माणसाला वाटेल. पण मागच्या खेपेला वरची गल्ली आणि खालची गल्ली यांनी लाखाचे सरळ दोन भाग केले. पन्नास हजार यांचे, पन्नास हजार त्यांचे. मग दोन भटजी आले, दोन शंख आले, आणि दोन्ही शंख एकाच वेळी वाजल्यावर मधे उभा असलेला पुजारी कानांवर हात ठेवून नदीकडे पळाला. देवाला दोन अर्ध्या लाखोल्या मिळाल्या. पुरी एकही मिळाली नाही. पाटलांच्या ते जिव्हारी लागलं होतं. यंदा लाखोली एकच व्हायची, नाहीतर आपण जिवंत असेपर्यंत गावात लाखोली व्हायची नाही, असं त्यांनी देवापुढे सांगून टाकलं होतं.

"लाख हाऊ आकडाच खोटा शे," पाटील म्हणाले. "त्याना दोन व्हतस, चार व्हतस, पाच व्हतस. ज्याले वाटी तो फोडस. माले असा आकडा द्या, मास्तर, जो कोन्हाले फोडता येवाव नही."

पाटीवरचा आकडा होता ११,११,१११. सात एकांचा. मला या एकांच्या आकड्यांचा फार दिवसांचा नाद आहे. अकरा फुटत नाही. एकशे अकरा मात्र तीन आणि सदतीसनं फुटतो. अकराशे अकरा अकरानंच फुटतो. पाच एकांचा आकडा दिसतो मोठा करारी, पण तोही एक्केचाळीसनं फुटतो. सहा एकांचा तर इतक्या आकड्यांनी फुटतो की त्याला स्वाभिमान म्हणून नाहीच. सातव्यावर मी अडलो होतो. तो फुटत नाही याची खात्री करायची तर हजाराच्या थोडं पुढेपर्यंत भागून पाहायला हवं, आणि मी जेमतेम शंभराच्या पुढे आलो होतो. म्हणून मी पाटलांना म्हणालो, "बहुतेक फुटत नसावा."

माझ्या बोलण्यातला 'बहुतेक' लोकांना ऐकू येत नाही. मी तो हळू म्हणतो, हे एक. आणि त्यांना तो नको असतो, हे दुसरं. संध्याकाळपर्यंत भटू कोतवाल गावभर दवंडी पिटत होता, "यंदा महादेवले अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा तांदूळ! मास्तरना आकडा शे! कोन्हाच्या बापनी फुटाव नही होऽऽ!"

माझा थोरला भाऊ लोटन शेजारी राहतो. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे आणि तिच्या वरच्या बाजूला हातभर मोकळी जागा आहे, त्यातून त्याचं बोलणं येतं. आम्ही वेगळे झालो ते बायकांच्या भांडणावरून. कारण आता दोघींनाही आठवत नाही, पण भांडण मात्र दोघींनी नीट सांभाळून ठेवलं आहे.

"मास्तर," भिंतीपलीकडून आवाज आला, "येक लाख मोजाले गावले जमत नही, नि तू अकरा लाख सांगात? तुन्हा आकडाले भाकर लागत नही, पन मोजनाऱ्यास्ले लागस ना!"

"दादा, मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं."

"तुले कोन्ही इचारं की तू सांगस, हाईच ते वाईट शे," दादा म्हणाला. मी पाटी उचलून आत गेलो.

नवापूरहून बैलगाडीनं तांदूळ आला. खालच्या गल्लीचे भाईदास पटेल, केळीच्या बागावाले, म्हणाले की तांदूळ सुरतेकडचाच चांगला. मग तोही आला. दोन्ही एकत्र केल्यावर कुणाचं काय ते निवडता येईना, आणि पहिल्यांदाच दोन्ही गल्ल्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे दोन्ही तांदळांत कणी फार आहे.

मोजायला जागा हवी म्हणून पाटलांना शाळेचा व्हरांडा हवा होता. त्यासाठी तालुक्याच्या एका कचेरीत अर्ज करायचा, आणि तो माझ्याच हातचा हवा, कारण माझं अक्षर चांगलं आहे. (माझ्याबद्दल गावात एवढीच एक गोष्ट सर्वमान्य होती.) मी लिहिलं की ११,११,१११ तांदूळ मोजण्यासाठी व्हरांडा मिळावा. उत्तर आलं की इतका नेमका आकडा कशाच्या आधारे काढला आहे त्याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. उत्तर आलं की दप्तरी नोंद करण्यास सोपं जावं म्हणून आकडा जवळच्या लाखापर्यंत पुरा करून कळवावा. मी बराच वेळ ते पत्र हातात घेऊन बसलो. शेवटी पाटील म्हणाले, "राहू द्या, देवळातच मोजू," आणि मला फार बरं वाटलं. परवानगी अजून आलेली नाही.

मी सुचवलं की एक तोळा तांदूळ मोजावे, त्यावरून हिशेबानं वजन काढावं. पाटलांची बहीण छबूबाई मोजणाऱ्या बायकांची म्होरकी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या खाली उतरलो.

"देवले तोलीसन वाहतस का, जिभाऊ? उद्या सांगशात, आरती बी तोलीसन करा!"

मग बायका विसाविसांनी मोजू लागल्या. दाणे ताटात सरकवायचे, वीस झाले की बाजूला एक चिंचोका ठेवायचा. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी एक चिमणी मोजलेल्या ढिगात उतरली आणि काही दाणे घेऊन उडाली. किती दाणे, यावर सगळं देऊळ भांडलं. कुणी म्हणे तीन, कुणी म्हणे सात. भाईदास पटेल म्हणाले, एक मांजर आणून बसवा. मांजर आणलं. ते ताटात झोपलं. ते ताट पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं, आणि तिथून पुढे सगळ्या गावात मास्तरनं सांगितलेला आकडा म्हणजे मास्तरनं लावलेली पीडा, असं झालं. मी देवळाकडे जाणं बंद केलं.

घरी मी तो आकडा पुढे भागत होतो. न फुटणारा म्हणून गावाला दिला, तर तो निदान खरोखर न फुटणारा तरी असावा, अशी माझी इच्छा होती. एकशे तीन, एकशे सात, एकशे नऊ. रोज सकाळी चहा झाला की बसायचं. दर वेळी बाकी उरली की मनातून सुटल्यासारखं वाटायचं. बाकी उरण्याचा इतका आनंद शाळेत कुणाला झालेला मी पाहिला नाही.

"आते सोडा ना त्या आकडाले," माझी बायको तापीबाई म्हणायची. "त्यानी काय तुमनं वाईट कयं?"

दोनशे एकोणचाळीसवर आलो त्या दिवशी बाहेर ऊन होतं आणि मन प्रसन्न होतं, हे मला चांगलं आठवतं. भाग चार वेळा गेला. मग सहा वेळा. मग पुन्हा चार. खाली उरले एकवीसशे एक्कावन्न. दोनशे एकोणचाळीस नवे एकवीसशे एक्कावन्न. बाकी शून्य.

मी नवाचा ताळा घेतला. ताळा जमला. पाटी पुसली, पुन्हा सगळं मांडलं. पुन्हा शून्य. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास, बरोबर अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आयुष्यभर मुलांना ताळा जमला की शाबासकी दिली. स्वतःचा जमला तेव्हा मला घेरी आली.

तापीबाईनं पाणी आणलं. "काय व्हयनं?"

"फुटला," मी म्हणालो.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. माठ, कप, चष्मा सगळं शाबूत होतं. "मंग ठीक शे," ती म्हणाली आणि आत गेली.

सांगावं की न सांगावं, या विचारात मी दोन दिवस काढले. मनाला समजावलं की गावात कोण दोनशे एकोणचाळीसनं भागायला बसणार आहे? पण मी सांगितलेला आकडा खोटा ठरला होता, आणि पाटील तो देवापुढे बोलले होते. तेवढ्यात भटू कोतवाल मला बोलवायला आला. देवळात भांडण पेटलं होतं.

झालं होतं असं. वरच्या गल्लीचं म्हणणं होतं की मोजणी आम्हीच करतो, खालच्या गल्लीच्या बायका कपाशीच्या निंदणीला जातात. खालच्या गल्लीचं म्हणणं होतं की मग आमचा अर्धा वाटा आम्हाला द्या, आम्ही आमच्या घरी मोजू. म्हणजे पुन्हा दोन भाग आले. भाईदास पटेल हिशेबी माणूस. त्यांनी लगेच केलं, पाच लाख पंचावन्न हजार पाचशे पंचावन्न तुमचे, तितकेच आमचे.

"नि येक?" छबूबाईनं विचारलं.

तो एकच दाणा आता देवळाच्या मधोमध होता. म्हणजे खरा नव्हता, पण सगळे तिथेच पाहत होते.

"तो दाना आमना," भाईदास पटेल म्हणाले. "देऊळनी जागा आमना आजानी दिधेल शे."

"वा! नि पिंड कोनी आनी?" वरच्या गल्लीतले दोघेतिघे उठून उभे राहिले. "शेवटना दाना म्हंजे मान शे. तो आमनाच!"

"तोडा मंग तेले मधमा!"

"तोडेल दाना देवले चालत नही!"

"मंग येक दाना वाढावा!"

"आकडा देवपुढे बोलेल शे! बदलता येवाव नही!" हे दोधू पाटील ओरडले. ते पागोटं हातात घेऊन उभे होते आणि त्यांचा आवाज फाटला होता. मी आत आलो तसे सगळे माझ्याकडे वळले.

"या, मास्तर," पाटील म्हणाले. "तुमना आकडा फुटत नही म्हनीसन लिधा. आते गाव फुटी ऱ्हायनं. लाखोली बंद करस मी. कायमनी."

ते पायरीकडे निघाले. म्हातारा माणूस, गेल्या खेपेपासून ही एकच इच्छा धरून बसला होता. मला बोलायचं नव्हतं. घरून निघताना मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

"तो फुटतो," मी म्हणालो.

कुणाला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो. या वेळी माझाच आवाज मला इतका मोठा वाटला की मी दचकलो.

"आकडा फुटतो. माझी चूक झाली. दोनानं फुटत नाही, पण दोनशे एकोणचाळीसनं फुटतो. प्रत्येकाला चार हजार सहाशे एकोणपन्नास. एकही दाणा उरत नाही."

भाईदास पटेलांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"दोनशे एकुनचाळीस कोन?" छबूबाईनं विचारलं.

ते मला ठाऊक नव्हतं. मी आकड्याचं पाहिलं होतं, माणसांचं नाही. पण पाटील पायरीवरच थांबले. "भटू," ते हळूच म्हणाले, "गावमा चुली कितल्या?"

गावात वर्गणी काढायची तर चुलीमागे, आवतण द्यायचं तर चुलीमागे. दर चुलीमागे सारखे तांदूळ, मग वरची गल्ली कुठली आणि खालची कुठली! भटूला सगळ्या चुली तोंडपाठ होत्या. त्यानं डोळे मिटून घरामागून घर फिरल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दोनशे बेचाळीस."

तीन जास्त! सगळा गाव "अरेरे" म्हणाला, जसं काही थोडक्यात बैलगाडी चुकली.

मी घाईनं म्हणालो की दुसरा एखादा आकडा शोधता येईल. पण आता माझं कुणी ऐकत नव्हतं. दोधू पाटलांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. "आकडा बदलता येवाव नही," ते म्हणाले, "पन चुली कमी करता येतीन. येक दिन का व्हयना, तीन चुली इझाडा!"

त्यानंतर जे झालं ते गावात पूर्वी कधी झालं नसेल. दोन्ही गल्ल्यांची माणसं मिळून चुली विझवायला निघाली. शाळेतला नवा मास्तर एकटा राहायचा आणि स्टोव्हवर करपलेलं काहीतरी करून खायचा. त्याला पाटलांनी जेवायला बोलावलं, तर तो नको म्हणायच्या आधीच चपला घालून उभा होता. भाईदास पटेलांची आई सोनीबाई सोवळ्याची म्हणून वेगळी चूल करायची; तिला कुणी हलवू शकणार नव्हतं. पण तिनं स्वतःच सांगितलं की त्या दिवशी मी निर्जळी उपास करते, उपासाला कुठे चूल लागते? भिला म्हातारा सुनेशी भांडून ओट्यावर स्वतःचं रांधायचा. तिच्या भाजीत मिरची नसते, हे त्याचं म्हणणं. सारं गाव मधे पडलं आणि ठरलं की भाजी सुनेची, आणि शेजारी वाटीभर ठेचा वेगळा.

"वाटी मोठी जोयजे," भिला म्हणाला, आणि तिसरी चूल विझली.

दोनशे एकोणचाळीस! पाटील मला मिठी मारणार होते. मी मागे सरकलो, तेवढ्यात भटू कोतवाल डोकं खाजवत पुढे आला.

"पाटील, येक सांगू का? मन्ही चूल मोजनी ऱ्हायनी."

मोजणारा स्वतःला मोजायला विसरला होता. ही चूक मी वर्गात किती मुलांच्या हातून पाहिली असेल. कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे ना भटू, तुन्ही सोडी दे." भटूचं तोंड उतरलं. "दवंडी मी पिटी," तो म्हणाला, "नि मीच भाईर?"

"भटूनी चूल धराले जोयजे," पाटील म्हणाले. "आखो येक इझाडा."

मग मला जाणवलं की सगळे एकाच दिशेला पाहताहेत. मी मागे वळून पाहिलं. मागे दादा उभा होता.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. एक भिंत, दोन चुली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आकडा तुन्हा शे," दादा म्हणाला. "चूल बी तुन्हीच इझाड. मी थोरला शे."

"हो," मी म्हणालो. माझ्याकडून कधी कधी वेळेवर उत्तर जातं.

पण चूल माझी कुठे होती? घरी येऊन मी तापीबाईला सगळं सांगितलं. ती तवा घासत राहिली. एवढी वर्षं मंगलावहिनीच्या हातचं पाणीही न घेतलेली बाई. मी मनातल्या मनात २४० नं भागून पाहायला लागलो, म्हणजे दुसरी काही वाट निघते का. भाग जात नव्हता.

"जासू मी तठे," ती शेवटी म्हणाली. "पन तवा मन्हा ऱ्हाई. तिन्हा तवावर मी भाकर करनार नही."

लाखोलीच्या दिवशी आमच्या घरातून धूर निघाला नाही. तापीबाई तवा पदराखाली झाकून, जणू कुणाला दिसणारच नाही अशी, दादाच्या घरात शिरली. मी मागून. मंगलावहिनी चुलीपाशी बसली होती. तिनं तव्याकडे पाहिलं आणि आपला तवा चुलीवरून थोडा बाजूला सरकवला. चूल रुंद होती, त्यामुळे दोन्ही तवे बसले. थोड्या वेळानं वहिनी म्हणाली, "तुन्हा तवा लवकर तापस वं." आणि तापीबाई म्हणाली, "जाड नही ना तो." एवढंच. पण मला वाटलं की एवढ्यासाठी अकरा लाखांचा खटाटोप फार झाला नाही.

दुपारी दोनशे एकोणचाळीस घरांतून दोनशे एकोणचाळीस वाट्या आल्या. प्रत्येकीत चार हजार सहाशे एकोणपन्नास दाणे. प्रत्येक घरानं मोजताना शेजारच्या घरावर नजर ठेवली होती, त्यामुळे हिशेब चुकणं शक्यच नव्हतं. दोन्ही गल्ल्यांनी मिळून एकच भटजी आणला आणि शंखही एकच. पिंडीवर सगळं पडल्यावर कोणता दाणा नवापूरचा, कोणता सुरतेचा, कोणता भटूचा, ते महादेवालाही सांगता आलं नसतं. दोधू पाटील मागे उभे राहून डोळे पुसत होते. मला वाटतं ते धुरामुळे असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीबाई म्हणाली, "तवा लई येस," आणि तो आणायला भिंतीपलीकडे गेली. मी पाटी काढली. चार हजार सहाशे एकोणपन्नास हा आकडा फुटतो की नाही, ते पाहायचं राहिलं होतं. तेरा झाले, सतरा झाले, एकोणीस झाले. तवा काही आला नाही. ऊन ओट्यावरून खाली सरकलं. पलीकडून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. भांडण वाटत नव्हतं, पण दोघीही एकाच वेळी बोलत होत्या.

"मास्तर!" भिंतीवरून दादाचा आवाज आला. "जेवाले येस का नही? का आजबी भागाकारच खास?"

तेविसाचा भागाकार अर्धाच सोडून मी उठलो.